सत्तावीस जणांचा एकच नंबर

मी खेमाचा बटनांचा मोबाइल बोलतोय. इतकी वर्षं लोकांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवलं. आज माझं ऐका, नाहीतर डोकं फुटेल माझं!

मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यात रिचार्ज संपला की लोक नंबरच बदलायचे. खेमाचा तेवढा कायम. शेतकऱ्यांच्या सरकारी मदतीचे अर्ज भरताना नंबरचा रकाना निघाला, तेव्हा रूपलानं माझा नंबर दिला. त्याचं पाहून रामसिंगनं दिला. बघता बघता सत्तावीस जणांनी दिला! खेमाच्या नावावर वावरच नाही, त्यामुळे अर्ज न भरलेला तो एकटाच.

मग कोरोना आला, सगळं बंद झालं आणि खात्यांत मदत पडू लागली. प्रत्येकाचा मेसेज माझ्या पोटात. मेसेज पुसला की पैसेही पुसले जातात, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी ते मानलं. अरे, पैसे बँकेत असतात, माझ्यात नाही! पण मला विचारतो कोण? खेमा मला उशाशी घेऊन झोपायचा, एक मेसेज पुसू द्यायचा नाही. शेवटी मी गच्च भरलो.

खेमाची काकी धनीबाई, एकटी बाई. तिचे दोन हजार तेवढे अडकले होते. पेरणी तोंडावर, घरात सोयाबीनचं बियाणं नाही. मानोऱ्याच्या सेवा केंद्रात पडताळणीची शेवटची तारीख होती. माझ्यावर येणारा आकडा तिथे सांगायचा, एवढंच काम. मग मला तिच्याबरोबर पाठवावं की नाही? छे!

"सगळ्याइचे पैसे एकट्या बाईच्या हाती कसे द्याचे?" रूपला म्हणाला.

बिचारी आठ किलोमीटर पायी गेली आणि केंद्रवाल्याच्या फोनवरून विचारू लागली.

"खेमा, आकडा आला का रे?"

"नाई आला, काकी."

"पाह्य ना नीट! हा माणूस दुकान बंद करून राह्यला."

पडद्यावरचं पाकीट लुकलुकवून मी थकलो. जागा नाही रे बाबांनो! अखेर खेमाच्या बायकोनं, चौथी शिकलेल्या नितानं ओळखलं. "याच्यात जागाच नाई. एक मेसेज पुसा लागते."

झालं! तोंडाला रुमाल बांधून लांब लांब उभे असलेले सगळे अंगावर धावून आले.

"माहा नोको पुसू!"

"माह्याले हात लावशीन तर पाह्य!"

खेमा रडकुंडीला आला. त्याचा स्वतःचा असता तर त्यानं तोच पुसला असता.

धनीबाई तिकडून सगळं ऐकत होती. माझ्यात तिचा एकच मेसेज होता, बायकांच्या खात्यात आलेल्या पाचशे रुपयांचा. ते तिनं अजून काढले नव्हते.

"मंग माहाच पूस," ती म्हणाली. "दुसऱ्याचे पैसे कायले बुडवतं?"

केंद्रवाल्यानं तिच्या खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले, नितानं मेसेज शोधला, खेमानं डोळे मिटून बटन दाबलं. आकडा लगेच आला. आठवड्याभरात दोन हजारही आले आणि पेरणी झाली.

आता माझी बटनं झिजलीत, पाठ रबरानं बांधलीय. कधी बंद पडेन, नेम नाही. धनीबाई बँकेत जाते, त्या पाचशांबद्दल मात्र कधी विचारत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "ते म्याच पुसाले लावले, आता कोन्या तोंडानं मांगू?"

मला नुसतं वाजता येतं हो. आमच्या तांड्यावर गेलात तर तिला सांगा, तिचे पैसे खात्यातच आहेत.