बाईंचा ब्रेक

गाडीत अवाक्षर काढायचं नाही, या अटीवर बाईंना सहलीला आणलं होतं.

अट मुलाने घातली होती. बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, स्वतःचं, सत्तावीस वर्षं चाललेलं. अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून क्लच आणि बोलणी एकदमच खाल्ली होती. पोटचा मुलगाही शिकायला बसला. आठव्या दिवशी उतरला तो कायमचा सायकलवर गेला. सुनेला गाडी छान येत होती, पण ती शिकली होती भलत्याकडेच. गेल्या उन्हाळ्यात ती बाईंना बाजारात घेऊन निघाली, तेव्हा तिसऱ्या सिग्नलपर्यंत बाईंनी तिच्या एकोणीस चुका काढल्या. चौथ्या सिग्नलला तिने गाडी बाजूला घेतली, किल्ली बाईंच्या मांडीवर ठेवली आणि चालत घरी गेली. तेव्हापासून फोनवर ‘कशा आहात’ आणि ‘बरी आहे’, एवढंच.

तरीही हिवाळ्याच्या सुट्टीत पार उत्तरेकडच्या बर्फाळ देशात जायचं ठरलं, तेव्हा ‘आईंनाही घेऊ या’ असं म्हणाली ती सूनच. म्हणून तर बाई धास्तावल्या होत्या. या वेळी माती केली, तर पुढच्या सगळ्या सुट्ट्या एकटीने खिडकीशी बसून काढायच्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तीन दिवस त्यांनी तोंडात पेपरमिंटची गोळी धरून काढले. बाहेर काळेकभिन्न कडे, त्यांच्या अंगाखांद्यावर बर्फ, मधून एकच रस्ता आणि त्याच्या कडा कळाव्यात म्हणून रोवलेले पिवळे खांब. सूर्य उशिरा उगवायचा आणि हजेरी लावून निघून जायचा. मुलगा मागच्या सीटवर घोरत असायचा. सून गाडी चालवायची आणि बाई गोळ्या संपवायच्या.

चौथ्या दिवशी, गरम पाण्याच्या झऱ्याकडे जाताना, एक उताराचं वळण आलं. रस्ता आरशासारखा चकाकत होता. सुनेने पाय अलगद उचलला आणि गाडीचा वेग आपसूक उतरू दिला. बाईंना मात्र वाटलं, पोरगी हातपाय गाळून बसलीय.

“ब्रेक! अगं, ब्रेक दाब!”

हा सत्तावीस वर्षांचा आवाज होता. तो ऐकून ब्रेक न दाबलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. सुनेनेही दाबला. गाडीने भिंगरीसारखी एक गिरकी घेतली आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन नाक खुपसलं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागून मुलगा फक्त “आई” म्हणाला.

“मी वेग उतरवत होते,” सून समोर बघत म्हणाली. “बर्फावर असा ब्रेक दाबायचा नसतो, आई. गाडी भाड्याने देताना त्या माणसाने दोनदा सांगितलं.”

“मी कुठे होते तेव्हा?”

“तुम्ही त्याच्या टायरमधली हवा तपासत होता.”

मुलाने फोन लावला. गाडी ओढायला ट्रॅक्टर यायला दोन तास लागणार होते. पुढे दहा मिनिटांवर खडकांमधून वाफ वर येताना दिसत होती.

“इथे गोठण्यापेक्षा तिथे उकडून घेऊ,” सून म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघालीसुद्धा.

झऱ्याकाठी लाकडी खोली होती, आत कपडे अडकवायला खुंट्या. साठीला टेकल्यावर आयुष्यात पहिल्यांदा पोहण्याचा पोशाख चढवून बाई बर्फावरून अनवाणी धावल्या. तेव्हा त्यांच्या तोंडून जे आवाज निघाले, ते विद्यार्थ्यांनी ऐकले असते तर फी परत मागितली असती. पण पाण्यात गळ्यापर्यंत बुडाल्या मात्र, आणि हाडं एकेक करून सुटी झाल्यासारखं वाटलं. गंधकाचा वास येत होता. वाफेत नुसती डोकी दिसत होती. मुलगा शहाणा, तो पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

‘चूक’ हा शब्द बाईंच्या तोंडून लाख वेळा गेला असेल, पण नेहमी ‘तुझी’ला धरून. त्यांनी घसा खाकरला.

“चूक माझी झाली.”

“पुन्हा म्हणा.”

“मुळीच नाही. सत्तावीस वर्षांत एकदा निघालंय.”

सूनबाईच्या भुवयांवर दव गोठलं होतं. ती हसली, पण पुरतं नाही. “मला तुमचा राग नाही आला, आई. माझाच आला. मला बरोबर येत होतं, तरी मी तुमचं ऐकलं.”

“ती तर घोडचूक! शेजारचा काय वाटेल ते ओरडू दे, स्टिअरिंग ज्याच्या हातात त्याने—”

“आई!”

“गप्प बसले.”

या खेपेला मात्र ती खदखदून हसली, आणि पाण्यावर वाफ हलली.

ट्रॅक्टर घेऊन आली ती बाईंच्याच वयाची, लालबुंद गालांची एक बाई. साखळी अडकवता अडकवता तिने विचारलं, “कोण चालवत होतं?”

सुनेचा चेहरा पडला.

“चालवत ही होती,” बाई पुढे झाल्या. “आणि नीट चालवत होती. ढिगात घातली मी.”

“तुम्ही? शेजारी बसून?”

“तोंडाने.”

ट्रॅक्टरवालीने मान डोलावली. “माझा नवरा तस्साच आहे,” ती म्हणाली आणि गाडी दोन हिसक्यांत रस्त्यावर आणून ठेवली.

बाईंनी निमूटपणे मागचं दार उघडलं.

“आई, तिकडे कुठे? पुढे या.”

“नको गं. कशाला तुझ्या जिवाला घोर?”

“उद्या अजून वरच्या झऱ्याला जायचंय, पाच तासांचा रस्ता आहे. हा दहाव्या मिनिटाला झोपतो. मला बोलायला माणूस नको?”

बाई पुढे येऊन बसल्या. पट्टा लावला. “मग बोलू काय?”

“काहीही. रस्ता सोडून.”

आता आली पंचाईत. रस्ता सोडून आपल्यापाशी बोलण्यासारखं आहे तरी काय, याचा बाईंनी दोन वळणं विचार केला.

“तुझी आई कशी आहे गं?”

लग्नाला चार वर्षं झाली होती. हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. सुनेने रस्त्यावरची नजर काढली नाही. वेग थोडा कमी केला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.