बेरिलियमचा कीस

“परत? आता कसली खोट काढलीत, साहेब?” नारू सोनाराने हातातली कानस पाटावर आपटली.

दळवी साहेब मुंबईच्या एका प्रयोगशाळेतले. एकोणीसशे पासष्ट साली, पोकळ मणी घडवणारा हात शोधत ते डहाणूला आले होते. बेरिलियम नावाच्या धातूच्या इवल्या वाट्या ते आणून द्यायचे. त्यांच्या कडा घासून दोन वाट्यांची मिरीएवढी गोळी जुळवायची. तिच्यात वायू भरून चहूकडून प्रकाशाचा असा मारा करायचा, की सूर्याच्या पोटात होतं ते तिच्या पोटात व्हावं. नारूला सूर्याचं काही पडलं नव्हतं. पार झाई गावापर्यंतच्या कोळणी त्याचे मणी घालायच्या, एकीनेही कधी नावं ठेवली नव्हती. हा माणूस मात्र भिंग लावून नाक मुरडायचा.

“एका अंगाला केसभर जाड आहे. आणि कीस उडवू नका, सगळा परत द्या.”

हे नारूला झोंबलं. कीस परत मागतो, म्हणजे चोर समजतो! सोनाराला याहून मोठी शिवी नाही.

साहेब गेल्यावर तो बायकोवर डाफरला, “हंसा, कणन्‌कण गोळा कर. तोंडावर मारतो त्याच्या.”

हंसा पाटाखालची धूळ सुपात घेऊन सोन्याची पाखडतात तशी फुंकू लागली.

“अहो, हा मेला राखेपेक्षा हलका. फुंकला की नाकातच जातो.”

“मग जवळून, हळू फुंक! एवढंही कळत नाही?”

चार महिन्यांनी एक गोळी बिनखोट निघाली. नारूने किसाचा डबा साहेबांपुढे ठेवला आणि हंसाने तो कसा जमवला ते ऐटीत सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला.

“अहो, विष आहे ते! छातीत गेलं की निघत नाही. म्हणून तर उडवू नका म्हटलं.”

“मग तसं नीट सांगायचं ना!” नारू ओरडला. हंसा दिवाळीपासून खोकत होती, आणि तो त्या खोकल्यावरही चिडत आला होता.

घासणारा तो, पण त्याला काहीच झालं नाही. याचा त्याला सगळ्यात जास्त संताप यायचा.

दोन वर्षांनी बाजारातून येताना हंसा एका परक्या ओट्यावर टेकली. नारूही पिशवी घेऊन शेजारी बसला. मासळीची पाटी घेऊन जाणारी मालू थबकली.

“काय नारूशेट, मधीच बसलात?”

“मलाच धाप लागली,” नारू खेकसला. “म्हातारा झालो. जा तू.”

तो एकेचाळीस वर्षांचा होता. हंसाने त्याच्याकडे पाहिलं. बोलण्याइतका श्वास तिला अजून आला नव्हता.