पहिल्या थेंबापासून

“मिस्त्री, भिंत फोडा, फरशी उखडा, काय हवं ते करा. पण नळ उघडला की पहिल्या थेंबापासून गरम पाणी आलं पाहिजे!”

कंपाउंडरकाका न्हाणीघराच्या दारात उभे राहून सकाळपासून हेच म्हणत होते आणि मी छिन्नी हातात धरून सकाळपासून “हो काका” म्हणत होतो. शेवटी वैतागलो. “काका, काम करू देता, की दोघं मिळून तोंडच चालवूया?” ते हसले आणि तिथेच उभे राहिले.

उभा जन्म दवाखान्यात पुड्या बांधण्यात गेलेला माणूस. बाटली हलवून द्यायची सवय इतकी, की चहाचा कपसुद्धा हिंदकळवूनच पुढे करतात, असं गल्लीत म्हणतात. मला दिला तो निम्मा बशीतच आला.

अडचण साधी होती. गिझर घराच्या पुढच्या टोकाला आणि न्हाणीघर पार मागे. मधल्या पाइपातलं गार पाणी वाहून जाईपर्यंत नळाखाली ताटकळत बसायचं. त्यावर उपाय असा, की न्हाणीघरापासून गिझरपर्यंत परतीचा एक पाइप टाकायचा आणि त्यावर छोटा पंप बसवायचा. पाणी आपलं गोल फिरत राहतं, पाइप कायम गरम.

“पण या वयात एवढा खटाटोप कशाला? बादली लावायची आणि तोवर एक डुलकी काढायची,” मी म्हटलं.

काकांनी आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. “ही आंघोळीला बसते आणि वाट बघता बघता विसरते, आपण इथे कशाला बसलोय. उठून तशीच बाहेर येते. परत नेऊ गेलो की ओरडते. आठवडा आठवडा आंघोळ नाही हो. लेक म्हणते, बाबा, तुमच्यानं होत नाही आता, आईला संस्थेत ठेवू. रविवारी येतेय ती. त्याआधी हिची आंघोळ सुरळीत झाली, तर मला बोलायला तोंड राहील.”

मी छिन्नी ठोकत बसलो.

काकू मधूनच यायच्या. “जेवलास का रे?” विचारायच्या. हो म्हटलं की जायच्या आणि पुन्हा येऊन तेच विचारायच्या. डबा अजून पिशवीतच होता, पण मी दर वेळी जेवलो म्हणालो. त्यांना बरं वाटायचं.

संध्याकाळी पंप चालू केला. पाइपाला हात लावून बघितला. आधी कोमट, मग चांगला कढत. काका तर लग्नघरातल्यासारखे लगबगले. “अगं, ये इकडे! गंमत दाखवतो.”

काकू आल्या, स्टुलावर बसल्या, त्यांनी नळ उघडला आणि आपसूक हात धारेखाली धरला. या घरात आल्यापासून धरत होत्या तसाच. लेकीचं नाव विसरल्या होत्या, नवऱ्याचं विसरल्या होत्या, पण गार पाणी आधी येतं, हात धरून बसायचं असतं, हे त्या हाताला पाठ होतं. आणि लांबच्या पाइपात पाणी निवतं म्हणून गिझर आजवर कडक ठेवायची पद्धत. तो कमी करायचं आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

“आई गं!”

फोड आला नाही, पण हात लालभडक झाला. काका मलम घेऊन धावले. काकू त्यांना हात देईनात. “कोण तू? तूच भाजलंस मला! जा इथून!”

“अगं, मी आहे गं. मी,” काका म्हणत राहिले.

मी गिझरचा काटा खाली आणला. दुसऱ्या दिवशी जाऊन पंपही बंद केला. पाणी पुन्हा पूर्वीसारखं, आधी गार, मग बेताचं ऊन. पण काकू न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आल्या की भिंत धरून रडायच्या. पाइप उलटा बसला तर काढून सुलटा बसवता येतो. हे कसं सोडवायचं, मला कळेना. माझा जीव नुसता चडफडत होता.

“आयुष्यभर लोकांना डोस सांगत आलो, मिस्त्री,” काका म्हणाले. “घरातच चुकला बघा.”

मी म्हटलं, “तुमचा एकट्याचा नाही चुकला, काका.” त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

रविवारी पंप काढायला गेलो, तर लेक आईचे कपडे बॅगेत भरत होती. तिचेही डोळे सुजलेले. तिला तरी काय बोल लावायचा? काकू दाराशी बाहेर जायच्या चपला घालून उभ्या, हात पाठीमागे लपवलेले. मला बघून म्हणाल्या, “जेवलास का रे?”

काका न्हाणीघरात त्या स्टुलावर बसले होते. नळ सोडलेला, हात धारेखाली.

“बाबा, गाडी आलीये,” लेक म्हणाली.

“हो गं. जरा थांब. आंघोळ घालून पाठवतो तिला. गरम पाणी यायचंय अजून.”

पाणी केव्हाच आलं होतं. आरशावर वाफ धरली होती. मी पाना पिशवीतच राहू दिला. लेक पुढे होऊन नळ बंद करायला वाकली आणि तशीच थांबली.

“यायचंय अजून,” काका म्हणाले आणि त्यांनी दुसराही हात धारेखाली धरला.