हानेलेला रडवायचं होतं

सिनेमा युद्धाचा आहे एवढंच नक्की होतं. त्याची गोष्ट काय, हे हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत कुणालाच सांगता येईना. रोज सकाळी पटकथेची नवी पानं यायची, कधी निळी, कधी गुलाबी, आणि काल मेलेला माणूस त्यांत पुन्हा चालूबोलू लागायचा. पडद्यावरची गर्दी म्हणून उभ्या केलेल्या आम्हा घोळक्यातल्यांना पानंही मिळत नसत. खोट्या स्टेशनवर बोचकी घेऊन उभं राहायचं. गाडी मिळणार की नाही, ते लेखक ठरवतील.

घोळक्यातले बहुतेक खरेच जर्मनीतून पळालेले निर्वासित. आमच्यावर डाफरणारे जर्मन अधिकारीही आमच्यातलेच, कारण त्यांचं इंग्रजी दुसऱ्या कुठल्या भूमिकेत खपत नव्हतं. माझा नवरा लोथार ब्रेस्लाऊच्या रंगभूमीवर राजपुत्र व्हायचा. ज्यांच्यापासून पळालो त्यांचाच गणवेश इथे त्याला मिळाला. आणि इथल्या सरकारदप्तरी आम्ही जर्मन, म्हणजे शत्रुदेशाचे नागरिक, म्हणून रात्री आठच्या आत घरात. आपण नेमके कोण, हे मी हल्ली स्वतःला विचारायचं सोडून दिलं होतं.

त्या दिवशी सांभाळणारी बाई आली नाही, म्हणून तीन वर्षांच्या हानेलेला मी बरोबर नेलं. फिल्बिन नावाच्या सहायकानं तिला पाहिलं आणि तो दिग्दर्शकाच्या कानाला लागला. लगेच ठरलं. मूल आईच्या कडेवर, अधिकारी कागद मागतो, मूल भेदरून रडतं. अधिकारी लोथार.

मी नाही म्हणायला हवं होतं की नको, अजून कळत नाही. मार्सेय, लिस्बन, बोट, पळतानाच्या सगळ्या वाटेवर मी तिला एकच शिकवलं होतं, पप्पा आहे ना, मग भ्यायचं नाही. तेवढंच आम्ही घरून सोबत आणलं होतं.

पहिल्या वेळी लोथार दरडावत आला आणि हानेले खुदकन हसली, त्याच्या टोपीवर झडप घातली. दुसऱ्या वेळी तिनं त्याला आपलं अर्धं बिस्किट देऊ केलं. दिवेवाले हसले. दिग्दर्शक हसला नाही.

फिल्बिन माझ्याजवळ आला. "बाई, हळूच एक चिमटा काढा ना. कॅमेऱ्यात दिसणार नाही."

शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पिन्कुसबाई त्याला जर्मनमध्ये म्हणाल्या, "तुझ्या आईनं वेळेवर काढला असता तर तुला अक्कल आली असती, बाळा." त्याला वाटलं दुजोरा दिला. त्यानं मान लववून आभार मानले.

लोथारनं मला बाजूला घेतलं. "मी खरंच ओरडतो. घरी गेल्यावर समजावू तिला."

"तिला कसं कळेल, कुठला खरा ते?"

"मला तरी कुठे कळतंय," तो म्हणाला. "पण इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बघतंय. एकदा होऊ दे."

मी मान हलवली. त्याचा अर्थ हो होता का, मला ठाऊक नाही.

तिसऱ्या वेळी तो आला तो इंग्रजीत बोललाच नाही. जर्मनमध्ये, तिकडच्या खऱ्या अधिकाऱ्यांच्या त्या आवाजात, कागद मागितले. हा लोथार आहे, सकाळी यानंच कॉफी उकळली, सगळं मला माहीत होतं. तरी माझा हात नाटकातल्या कागदांकडे न जाता कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि मी त्याला आमची खरी ओळखपुस्तिका दिली, सरकारनं सदैव जवळ ठेवायला सांगितलेली, फोटो आणि बोटाचा ठसा असलेली. हानेलेनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग ती रडली.

टाळ्या पडल्या. लोथार पुस्तिका उघडून माझा फोटो बघत तसाच उभा होता. शॉट संपल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की त्यानं ऐकलं नव्हतं.

फिल्बिन सांगत आला, लेखक खूश आहेत. उद्याच्या पानात अधिकारी मूल आईकडून हिसकावून घेतो. बहुतेक. किंवा परत देतो. पण मुलीला आणा.

बसमध्ये लोथार आपल्या जुन्या कोटात माझ्या शेजारी बसला. उजेड होता अजून. त्यानं दोन्ही हात पुढे केले. हानेलेनं त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि ती त्याच्याकडे झेपावली.

पण तिला जाता येईना. मी तिला सोडत नव्हते.