सरावखोलीतले आजोबा

दचकू नका, पडल्या पडल्या मीच बोलतोय. नर्सिंग शिकणाऱ्या पोरींच्या सरावखोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर जो रबरी पुतळा आहे ना, तोच मी. साच्यातून निघालो तोच मुळी टक्कल घेऊन, म्हणून सगळ्या मला आजोबा म्हणतात.

माझी बडदास्त काय विचारता! पोरी माझं अंग पुसतात, मला कुशीवर वळवतात, नळीने भरवतात. हात लावण्याआधी पेशंटची विचारपूस करायची, हा शिकवणाऱ्या बाईंचा दंडक. "आजोबा, जेवलात का? झोप लागली का?" आता मी काय कप्पाळ बोलणार? मग विचारणारीच माझ्या वतीने सांगून टाकते, "हो हो, पोटभर. झोपही छान." आणि कामाला लागते.

त्यांच्यात एक होती चिमणी. आवाज एवढासा, म्हणून हे नाव; जिद्द मात्र दांडगी. सकाळी वॉर्डात ड्युटी, मग वर्ग, मग माझ्याजवळ सराव. मैत्रिणी डबा खायला हाका मारायच्या, तर ही म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." गेली असेल तर शपथ! प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेली, आणि नापास झाली तर घरचे तिचं शिक्षण बंद करणार होते. पूर्वी मला घट्ट धरणारी तिची बोटं आता थरथरायची. बोलता आलं असतं तर चांगलाच रागावलो असतो मी.

एके दुपारी मला कुशीवर वळवता वळवता ती माझ्याच अंगावर कोसळली. मैत्रिणींनी तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर पहिलं काय बोलावं? "बाईंना सांगू नका गं, परीक्षेला बसू देणार नाहीत." बाई दारातच उभ्या होत्या.

त्यांनी मला उचलून खुर्चीत बसवलं आणि चिमणीला माझ्या जागी झोपवलं. जवळ बसून विचारलं, "जेवलीस का? झोप लागते का?"

"हो हो, पोटभर. झोपही छान," चिमणी सवयीने बोलून गेली.



"हे आजोबांचं उत्तर झालं," बाई हळूच म्हणाल्या. "तुझं सांग."

मग मात्र पोरीला रडूच फुटलं. "कालपासून पोटात काही नाही, बाई. डोळे मिटले की वाटतं, माझ्या हातून कुणीतरी पडलं."

"अगं वेडे, परीक्षा तू देणारच आहेस. पण आधी खा, मग झोप. बाकीचं मी बघते."

मैत्रिणीने डबा उघडला. शेवटचा घास गिळला आणि चिमणी तिथेच गाढ झोपली. त्या दिवशी सराव बुडाला. बुडेना का!

परीक्षेत मला वळवताना तिचे हात पुन्हा कापायला लागले. समोर परीक्षक! माझ्या तर रबराला घाम फुटायचा बाकी होता. चिमणी थांबली. म्हणाली, "माझे हात कापतायत. मैत्रिणीला मदतीला बोलावते, नाहीतर पेशंट पडेल." परीक्षकांनी मान डोलावली. पोरगी पास झाली.

आता माझे सांधे उसवलेत, आतला स्पंज बाहेर डोकावतो. नवा पुतळा यायचाय, माझी रवानगी अडगळीत. चालायचंच. जाता जाता एवढंच सांगतो, पोरींनो. माझं उत्तर खुशाल खोटं द्या, स्वतःचं मात्र खरं द्या. मला जन्मभर उपाशी ठेवलंत तरी बिघडत नाही, मी रबराचा आहे. तुम्ही नाही.