तुळसाच्या खांद्यावरची गाठ

त्या सकाळी गाठ सव्वातीन इंच भरली. मागच्या शिमग्यापेक्षा पाव इंच जास्त. कडेला बोट दाबलं की ती बोटाखालून निसटायची. वरची कातडी सैल, ऊब नाही, दुखणं नाही. चरबीची साधी गाठ.

"माप कित्या घेतास? झगो शिवतलस तेका?" तुळसाची सासू जानकी म्हणाली. "आणि ढकलू नको तेका."

मी बोट काढून घेतलं. मालवणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून मला सहा वर्षं झाली होती, आणि दर खेपेला ती हेच बजावायची. तिचा मुलगा विश्राम १९५१च्या आश्विनात मचव्यासकट समुद्रात नाहीसा झाला. पुढच्या शिमग्याला सुनेच्या खांद्यावर, गळ्याच्या हाडामागे गाठ दिसली. मचव्यातून उतरताना तो हात टेकायचा, नेमकी तिथे.

प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा जाळून दिवस करायचे, अशी रीत. तोवर बायकोचं कुंकू राहतं. बारावं वर्ष सरून महिना झाला होता. भटजींना कोणी बोलावलं नव्हतं. जानकी रोज संध्याकाळी त्या गाठीला खोबरेल लावायची आणि विचारायची, "जेवलस रे?" सुनेला विचारत नसे.

"हाताला काय होतं?" मी तुळसाला विचारलं.

"बोटां मरतत. काल विहिरीर कळशी सुटली."

गाठ वरून हलत असली तरी तळाशी हाताच्या नसांना चेपत होती.

"अजून थांबलात तर हात जाईल," मी म्हटलं. "बेळगावला सर्जन आहेत, चिठ्ठी देते. चीर दिली की फणसाच्या गऱ्यासारखी अख्खी सुटून येते."

"आणि तो खंय जातलो?" जानकी म्हणाली.

"तिथे कोणी नाही, आजी. चरबी आहे."

हे मी फार हळू बोलले. खोलीत आम्ही तिघीच होतो.

जानकीने उठून गाठीवर तळवा ठेवला. "ऐकलंस रे? तुका काढूक बघतत."

तळवा किंचित वर झाला, खाली आला, पुन्हा वर झाला. गाठीखाली मोठी रक्तवाहिनी असते, तिचे ठोके वरपर्यंत पोचतात. मला ते ठाऊक होतं. तरी मी मोजायचं सोडून नुसती बघत राहिले.

तुळसाने मेलेल्या बोटांनी सासूचा हात खांद्यावरून उचलला, आपल्या मांडीवर घेतला आणि तिथेच धरून ठेवला.

"आये, तो हयसर नाय," ती म्हणाली. "दर्यात आसा. माका ही गाठ काढूची आसा. पण आदी भटजीक बोलाव. तेचे दिवस करूया."