दातांच्या पैशांतला डबल बास

अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांब असा तो लाकडाचा दांडा तिच्या तळहातावर होता – दोन्ही टोकं किंचित तिरपी तासलेली, एका बाजूला पेन्सिलीची पुसट रेघ – आणि एवढासा तुकडा आत पडला म्हणून कुणीतरी हे माणसाएवढं वाद्य मोडीत काढावं, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. तिने तो नाकाशी नेला. बंद कपाटाचा वास. जीभ सवयीने डावीकडे वळली, खालच्या तीन दाढा जिथे होत्या त्या मोकळ्या जागेत, आणि मग मुलाचं वाक्य आठवलंच... आई, हे पैसे दातांचे आहेत हां. दुसरीकडे वळवायचे नाहीत.

वळवायचे नाहीत म्हणे! याआधी वळवले ते कुठे वळवले होते मी? तुझ्या फीकडे. मग तुझ्या फ्रिजकडे, कारण नव्या संसाराला जुना फ्रिज कसा चालेल... तेव्हा कुणाच्या तोंडून नाही निघालं, आई, हे वळवू नकोस.

"चारही तारा एकदम काढल्या आधीच्या मालकाने," दुरुस्तीवाला म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून, वाद्याच्या पोटाला असलेल्या वळणदार भोकातून आत टॉर्च मारत होता. "एक काढायची, एक चढवायची, मग दुसरी. सगळ्या एकदम सोडल्या की हा आतला दांडा पडतो. आत खुळखुळायला लागलं तसा गडी घाबरला. म्हणाला, फुटलं आतून. मिळेल त्या भावात टाकून गेला."

"चिकटवलेला नसतो?"

"छे! चिकटवला तर आवाज बसतो. नुसत्या दाबावर उभा राहतो हा."

तिने मान डोलावली. ऑफिसातल्या कुणीतरी यातून लगेच आयुष्याचा काहीतरी अर्थ काढला असता आणि चहाबरोबर सगळ्यांना ऐकवला असता. तिला तसलं काही सुचलं नाही. दांडा पडला, दांडा बसवायचा. संपलं.

ऑफिस म्हणजे पाणीपुरवठ्याचा तक्रार विभाग. ती तिथे फोन घ्यायची, आणि जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला तरी आज ती तिथे परतली नव्हती. फोन करणारे तिला साहेब म्हणायचे. "साहेब, नळाला गढूळ पाणी येतंय." सुरुवातीला ती सांगायची, अहो, मी बाई आहे, आणि पलीकडचा माणूस इतका ओशाळायचा की तक्रारच विसरायचा. मग तिने सांगणं सोडलं. आता तर शेजारच्या टेबलावरचेही तिला साहेबच म्हणत, चेष्टेने, आणि तिला ते मनापासून आवडायचं, कारण दिवसभरात तेवढी एकच जागा होती जिथे तिचा आवाज होता तसा, पूर्ण, कुणाचंही काही न बिघडवता बाहेर पडायचा.

कारण घरात... "मुलीचा गळा आहे की पिंप?" ही आत्या. "हळू बोल, शेजाऱ्यांना वाटेल कोण पुरुष आलाय घरात," हा नवरा, होता तेव्हा, हसत हसत. वाईट नव्हता तो, पण म्हणायचा. आणि त्या सगळ्यांच्या आधी शाळेतल्या गाण्याच्या बाई. स्नेहसंमेलनाची तालीम, शेवटची रांग, आणि बाई गाणं न थांबवता चालत तिच्यापर्यंत आल्या, खांद्यावर हात ठेवला, किती मऊ हात होता तो, आणि कानाशी म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." ती हलवत राहिली. वाढदिवस, लग्नं, मुलाला झोपवताना... सगळीकडे एक वरचा, पातळ, उसना आवाज, आणि गायची वेळ आली की नुसते ओठ.

मुलाने दोनच महिन्यांत सोडून दिलेली गिटार विकायला ती या दुकानात पहिल्यांदा आली, तेव्हा कोपऱ्यात चादरीखाली कुणीतरी उभं आहे असं तिला वाटलं होतं. दुरुस्तीवाल्याने चादर काढली – व्हायोलिनच्याच घाटाचा, पण माणसाएवढा डबल बास – आणि एक तार ओढली. इतका खालचा, जाड आवाज! तिला लाजच वाटली म्हणा ना, आपलं काहीतरी भर दुकानात उघडं पडल्यासारखी. त्या दिवसापासून ती येत राहिली. नुसती बघायला, असं त्याला सांगत.

"प्लायवुडचा आहे, खोटं कशाला बोलू," तो आज म्हणाला. "पाठीला ठिगळ आहे. एक खुंटी दुसऱ्याच वाद्याची. गज यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागेल. तुमच्या पैशांत हेच बसतं, बाई. आणखी थोडे जमवलेत तर –"

"बोटांनी वाजवीन."

"बोटं सोलतात."

"सोलू द्या."

त्याने खांदे उडवले, दांडा तिच्या हातातून घेतला, वाकड्या लोखंडी सळईच्या टोकाला खोचला आणि भोकातून आत घातला. टॉर्च आता तिच्याकडे. आत कोवळा उजेड, धूळ, कुणाची तरी जुनी बसची तिकिटं. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला.

"आई, डॉक्टरांकडून फोन आला होता. तू वेळ रद्द केलीस?"

"हो रे." लगेच तो आवाज. वरचा, पातळ. तिने स्वतःलाच ऐकलं आणि तिला चीड आली.

"अगं, पण का? पैसे आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत. म्हणजे... तू संध्याकाळी ये. सांगते."

"आई, काय चाललंय तुझं?"

"ये तर खरं," ती त्याच पातळ आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला. भित्री कुठली! पन्नाशी उलटली तुझी. एका बाजूने चावून जेवतेसच की इतकी वर्षं, मेलीस का? तिने पैशांचं पाकीट काढलं, दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर, रंध्याच्या शेजारी आपटलं. तो मोजायला लागला तर म्हणाली, "नंतर मोजा. आधी तारा चढवा."

त्याने चढवल्या, एकेक करून. मग सगळ्यांत बारीक तार तेवढी ओढली. आणि बारीक म्हणावी तर तीसुद्धा तिच्या आवाजाच्या खाली होती, चांगलीच खाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबतीत ती वरच्या बाजूला होती. आवाज फरशीतून चपलांत, चपलांतून गुडघ्यांत चढला. दुकान भरलं. बराच वेळ भरलेलं राहिलं.

दुरुस्तीवाल्याने तारेवर पंजा ठेवला. तार थांबली. आवाज थांबला नाही.

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो वाकला, वाद्याच्या कुशीला कान लावला. "आता आणखी काय सुटलं आत?" असं पुटपुटत टॉर्चकडे हात केला.

तिला कळायला थोडा वेळ लागला. तोंड तर मिटलेलं होतं... आणि गळा वाजत होता. मी. मीच! खांद्यावर गाण्याच्या बाईंचा तो मऊ हात आलाच, ठरल्याप्रमाणे, आणि आवाज आपोआप विझायला लागला. दुरुस्तीवाला मान वर करून तिच्याकडे बघत होता. हात काढा, बाई, ती मनात म्हणाली. पुष्कळ झालं. काढा आधी तो हात.

"आत काही सुटलेलं नाही," ती म्हणाली, साहेबांच्या आवाजात. "मी आहे ती. वाजवा परत."

त्याने वाजवली. या वेळी तिने तोंड उघडलं, डावीकडचं खिंडार दिसतंय तर दिसू दे, आणि होता तेवढा सगळा आवाज बाहेर सोडला. सूर नीट लागला नाही. तिने पुन्हा लावला. संध्याकाळी मुलगा दारात उभा राहील तेव्हा त्याला काय सांगायचं हे तिला अजून माहीत नव्हतं; कुठल्या आवाजात सांगायचं, ते मात्र ठरलं होतं.